अंग बाहेर येण्याचा त्रास आणि व्यायाम : बंद म्हणजे नक्की काय काय बंद?

उपवनची_उमा

नमस्कार मंडळी. लिहू की नको करत आठ दिवस गेले. विषय नाजूक आहे, पण इथे निम्म्या बायका आहेत आणि उरलेल्यांच्या घरी बायका आहेत, तेव्हा लिहितेच.

वय ४७. दोन बाळंतपणं, दोन्ही नॉर्मल, दुसऱ्या वेळी चिमटा लावला होता. रोज सकाळी उपवन तलावाला दोन फेऱ्या आणि आठवड्यातून तीनदा सोसायटीच्या क्लब हाऊसमध्ये झुंबा. यंदा रथसप्तमीला आमच्या गटाने १०८ सूर्यनमस्कार घातले. ऐंशीच्या पुढचे मी दात-ओठ खाऊन घातले, खोटं कशाला बोलू. दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना खाली हाताला काहीतरी लागलं. मऊ, ओलसर, सोललेल्या लिचीएवढं. हात झटकन मागे घेतला. अंगाला साबण तसाच, बादली भरून वाहतेय, आणि मी स्टुलावर बसून राहिले.

स्त्रीरोगतज्ज्ञांनी तपासलं. म्हणाल्या, "पुढची भिंत सैल झाली आहे, मूत्राशय खाली उतरलंय, ग्रेड दोन. ऑपरेशनची घाई नाही. जड उचलू नका, व्यायाम बंद करा, कीगल करा." कीगल म्हणजे खालचे स्नायू आवळायचा व्यायाम, तो कसा करायचा ते कागदावर एका ओळीत. तेवढ्यात पुढच्या पेशंटचं नाव पुकारलं.

माझा प्रश्न एवढाच की, व्यायाम बंद म्हणजे सगळाच? चालणंसुद्धा? सूर्यनमस्कारांचं नाव कायमचं टाकायचं? डिसेंबरात मैत्रिणींबरोबर कळसूबाई ठरलंय, पैसे भरून झालेत. घरात बसले तर महिन्याभरात पाच किलो वाढतील आणि डॉक्टर परत म्हणणार, वजन कमी करा.

ऐरोलीची_आई

उमाताई, आधी एक मिठी. माझं वय ३१, बाळ नऊ महिन्यांचं. मला वाटायचं हे फक्त आजीच्या वयात होतं. बाळंतपणानंतर सहाव्या महिन्यात संध्याकाळी असं वाटायला लागलं की खाली काहीतरी अडकलंय, टॅम्पॉन अर्धवट राहिल्यासारखं. सकाळी काहीच नाही, संध्याकाळी सगळं. नेटवर वाचलं आणि रात्रभर रडले. आईला सांगितलं तर म्हणते, "आमच्या वेळी पण व्हायचं, कुणी बोलायचं नाही." हे सांत्वन होतं की काय, मला अजून कळलेलं नाही.

खवट_खारघरकर

कुणी बोलायचं नाही हेच खरं. गावाकडे आजी "अंग येतं" एवढंच म्हणायची. लहानपणी मला वाटायचं देवी अंगात येते.

नौपाड्याची_नणंद

खवटराव, हलकं घेतलं म्हणून वाचलात. :)

उमा, माझ्या जावेला असाच त्रास. गर्भाशय काढून टाकलं, विषय संपला. कशाला रोजची कटकट?

निवृत्त_सिस्टर

विषय संपत नाही हो नेहमी. पस्तीस वर्षं वॉर्डात काढली आहेत म्हणून सांगते. गर्भाशय काढल्यावरही योनीचा वरचा जो घुमट उरतो तो खाली येऊ शकतो, तसे पेशंट आम्ही परत टेबलावर घेतलेत. शिवाय उमाताईंचं मूत्राशय उतरलंय. गर्भाशय काढलं म्हणून मूत्राशय आपोआप वर जाऊन बसत नाही.

आणि गर्भाशय ठेवून ते वर बांधायची ऑपरेशनं आपल्या मुंबईतच घडली आहेत बरं का. गर्भपात होऊ नये म्हणून घालतात तो शिरोडकर टाका माहीत असेल, १९५५ सालचा. त्याच डॉ. वि. ना. शिरोडकरांची स्लिंगही आहे. डॉ. बी. एन. पुरंदऱ्यांची पद्धत वेगळी. तरुण मुलींमध्ये, ज्यांना अजून मूल हवंय, त्यांच्यात हे उपयोगी पडायचं. जाता जाता, कुणी योनीमार्गातून जाळी बसवायची म्हटलं तर दहा प्रश्न विचारा. अमेरिकेच्या एफडीएने २०१९ मध्ये या कामासाठीच्या तसल्या जाळ्यांची विक्री बंद करायला लावली.

पण ग्रेड दोनला हे सगळं दूरचं आहे. आधी व्यायाम.

योगिनी_कोपरी

उमाताई, घाबरू नका. अश्विनी मुद्रा, मूलबंध (खालचे स्नायू आत ओढून धरणं) आणि रोज पंधरा मिनिटं विपरीत करणी (पाय वर करून पडणं). योगात याचं उत्तर हजारो वर्षांपासून आहे. मी माझ्या वर्गातल्या चार जणींना पूर्ण बरं केलंय. झुंबा वगैरे आपल्या शरीराला मानवत नाही.

खवट_खारघरकर

लिची बाहेर आली ती मात्र सूर्यनमस्कारांत, झुंब्यात नाही. नोंद घ्यावी.

फिजिओ_नेरुळ

मी याच कामाची फिजिओ आहे, म्हणून जरा मोठा प्रतिसाद लिहिते. तपासणीच्या जागी हा प्रतिसाद धरू नका.

आधी हे नक्की काय असतं ते. ओटीपोटाच्या तळाशी पुढच्या जघनाच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी टांगलेली असते. मूत्राशय, गर्भाशय, गुदाशय तिच्या आधाराने बसलेले असतात. बाळंतपणात ही झोळी ताणते, चिमटा लावला असेल तर कधी हाडापाशी उसवते. पुढे पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन कमी होतं, जुना खोकला असतो, बद्धकोष्ठ असतं, वजन असतं. मग एखादा अवयव योनीच्या भिंतीला ढकलत खाली येतो. उमाताईंचं मूत्राशय पुढून आलंय. गुदाशय आलं तर मागून फुगवटा येतो. ग्रेड दोन म्हणजे तो योनीच्या तोंडाशी, एखादा सेंटिमीटर आत किंवा बाहेर. त्यामुळे आंघोळीत हाताला लागणं अगदी साहजिक आहे.

आता "व्यायाम बंद". हा सल्ला अर्धा आहे. व्यायाम बंद केला तर झोळी आणखी ढिली पडते आणि वजन वाढतं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शिकेत पहिल्या-दुसऱ्या टप्प्यातल्या, त्रास असलेल्या बायकांना आधी निदान १६ आठवडे देखरेखीखाली झोळीचे व्यायाम द्या असंच म्हटलंय. त्याआधी २०१४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात ४४७ बायकांचा अभ्यास आला होता. काही जणींना फिजिओने एकेकटीला शिकवलं, बाकीच्यांना फक्त माहितीपत्रक दिलं. वर्षभराने शिकवणीवाल्यांचा त्रास जास्त कमी झालेला होता. म्हणजे कागदावरची ती एक ओळ पुरत नाही. उमाताई, तुमची तक्रार रास्त आहे.

हे करायचं कसं? लघवी आणि वारा दोन्ही एकदम रोखल्यासारखं आवळा आणि आत-वर खेचा, तोंडाने बुंदी चोखून आत घेतल्यासारखं. सहा ते आठ सेकंद धरा, मग पूर्ण सोडा. सोडणं आवळण्याइतकंच महत्त्वाचं. असं आठ-दहा वेळा, दिवसातून तीनदा. शिवाय दहा भराभर. या काळात श्वास चालू हवा, मांड्या आणि ढुंगण ढिलं हवं. पहिले आठवडे झोपून करा, मग बसून, मग उभ्याने. लघवी मध्येच थांबवून रोज सराव करू नका, त्याने मूत्राशयाचं तंत्र बिघडतं.

एकदा आरसा धरून बघा. आवळल्यावर जागा आत-वर गेली पाहिजे. खाली फुगत असेल तर तुम्ही आवळत नाही, ढकलताय. माझ्याकडे येणाऱ्या कितीतरी जणी महिनोन्महिने ढकलत असतात आणि म्हणतात, कीगलने फायदा नाही.

योगिनीताई, मूलबंध याच्या बराच जवळ आहे, शिकवा जरूर. अश्विनी मुद्रेत फक्त मागची वाट आवळली जाते, पुढची भिंत तशीच राहते. विपरीत करणीत उतरलेलं वर सरकतं, बरं वाटतं, पण उभं राहिलं की गुरुत्वाकर्षण हजर. आराम म्हणून उत्तम. "पूर्ण बरं केलं" असं मात्र म्हणू नका, ताणलेली अस्थिबंधनं आवळून पूर्वीसारखी होत नाहीत. त्रास मात्र खूप कमी होऊ शकतो, आणि बाईला तेच हवं असतं.

योगिनी_कोपरी

तुमचं विज्ञान काल आलं हो. असो.

कचराळीकर

१९४८ साली आलं, अर्नोल्ड कीगल नावाच्या अमेरिकन डॉक्टरमुळे. काल नाही. मूलबंध त्याच्या कितीतरी आधीचा, हे मान्य. दोघींना समान गुण. आता पुढे चला.

फिजिओताई, माझा प्रश्न वजनाचा. मी आणि बायको दोघंही जिमला जातो. तिला याच त्रासामुळे ट्रेनरने दोन किलोच्या वर उचलू नका म्हणून सांगितलं. घरी आल्यावर ती पिठाची दहा किलोची पिशवी उचलते, नातवाला उचलते, घोडबंदरला टँकर उशिरा आला की बादल्या उचलते. जिममधलेच दोन किलो कसे काय घातक?

फिजिओ_नेरुळ

अगदी बरोबर बोट ठेवलंत. पोटातला दाब मोजून पाहिलेल्या अभ्यासात दिसलं की खुर्चीवरून उठताना येणारा दाब, ऑपरेशननंतर मनाई करतात त्यातल्या काही हालचालींपेक्षा कमी नसतो. आता खुर्चीवरून उठायला कोण बंदी घालणार? आणि जोरात खोकलं की काय होतं ते प्रत्येकीला ठाऊक आहे.

किलोच्या आकड्यापेक्षा श्वास कोंडणं जास्त भोवतं. जड उचलताना आपण "हं" करून श्वास धरतो, पोट फुगतं, दाब थेट झोळीवर. उलट करा. आधी झोळी वर खेचा, मग तोंडाने फूं करत श्वास सोडा आणि सोडता सोडता उचला. वस्तू अंगाजवळ. खोकला-शिंक आली तरी हेच, आधी आवळून घ्या. सवय लागायला दोनेक आठवडे लागतात, नंतर हात पिशवीकडे गेला की आपोआप आवळलं जातं.

सिलिंडर मात्र नको. आत १४.२ किलो गॅस, वर टाकीचं वजन जवळपास तेवढंच, झाले तीस किलो. फरशीवरून सरकवा किंवा कुणाला तरी हाक मारा.

नौपाड्याची_नणंद

आमच्याकडे हाक मारली की "मॅच संपू दे" असं उत्तर येतं. तोवर स्वयंपाक थंड आणि मी गरम.

मुकुंदराव

मी ७१ वर्षांचा आहे. वाशीला राहतो. इथे लिहावं का याचा दोन दिवस विचार केला.

आमच्या मंडळींना हा त्रास किती वर्षं होता ते मला दोन वर्षांपूर्वी कळलं. मिनी सीशोरला संध्याकाळी फिरायला जायचो, ती दर वेळी अर्ध्यात बाकावर बसायची. मी म्हणायचो, "तुझं फिरणं म्हणजे बाकांची पाहणी." हसायची. एकदा लघवीच होईना म्हणून रात्री दोन वाजता दवाखान्यात नेलं, तिथे डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं की गर्भपिशवी पूर्ण बाहेर आहे, आज-कालची नाही. मी त्या बाकांवर केलेले सगळे विनोद मला त्या रात्री आठवले.

तिला हृदयाचा त्रास, म्हणून ऑपरेशन टाळलं. उतरलेलं आत धरून ठेवणारी रिंग बसवली. सिलिकॉनची, बांगडीसारखी गोल. पहिली मोठी झाली, टोचायची. दुसरी निसटून कमोडमध्ये पडली. तिसरी बसली. दर तीन महिन्यांनी डॉक्टर काढून धुतात, आत जखम नाही ना बघतात, परत बसवतात. रात्री लावायचं मलम दिलंय. आता ती सागर विहारपर्यंत जाऊन येते आणि मी बाकावर बसतो.

ऐरोलीची_आई

काका, डोळ्यांत पाणी आणलंत.

निवृत्त_सिस्टर

मुकुंदराव, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. लघवी अडणे, रक्त येणे, बाहेर आलेल्या भागावर जखम, ताप, यातलं काही असेल तर व्यायाम-बियाम नंतर, आधी दवाखाना.

रिंग हा उपाय फार जुना. ग्रीक वैद्यांच्या काळात अर्धं डाळिंब बसवत असत.

खवट_खारघरकर

एपीएमसीतला डाळिंबाचा भाव बघता रिंगच स्वस्त.

सीवूड्सची_सई

मी रिंग लावून पळते! ३९ वर्षं, ग्रेड दोन, पाम बीचवर रविवारी पाच किलोमीटर. रोज नाही लावत, फक्त पळताना. डॉक्टरांनी मापाची दिली आणि स्वतः काढ-घाल करायला शिकवलं. पहिल्यांदा बाथरूममध्ये पाऊण तास लागला आणि रिंग दोनदा उडून बेसिनखाली गेली. आता एक मिनिट. ज्यांना धावण्याशिवाय चैन पडत नाही त्यांनी हे विचारायला हरकत नाही. पण मी आधी चार महिने फक्त चालले आणि झोळीचे व्यायाम केले, हे विसरू नका.

स्टेशनची_सखी

अवांतर आहे, पण रोज ठाणे ते नेरुळ ट्रान्स हार्बरने जाते. उभ्याने गेलं की उतरेपर्यंत खाली ओढल्यासारखं होतं. बसायला मिळालं की ठीक. त्यापेक्षा वाईट म्हणजे स्टेशनपर्यंतची रिक्षा आणि मधले खड्डे. खड्डा आला की मी आवळते. सगळे वाचताहेत म्हणून नाही सांगत, पण या पावसाळ्यात माझी झोळी महापालिकेच्या कृपेने चांगलीच तयार होईल.

कचराळीकर

म्हणजे शेवटी खड्ड्यांचा काहीतरी उपयोग निघाला.

नाव_नको

आज नवीन आयडी काढून लिहितेय. मला मागच्या बाजूचा आहे. शौचाला बसलं की अर्धं अडतं आणि आतून बोटाने आधार द्यावा लागतो. डॉक्टरांनाही सांगितलं नव्हतं. मला वाटायचं जगात असली गलिच्छ गोष्ट करणारी मी एकटीच.

फिजिओ_नेरुळ

एकट्या तर अजिबात नाही, आणि गलिच्छ तर त्याहून नाही. मागची भिंत फुगली की शौच त्या खोबणीत अडतो, आधार दिला की बाहेर येतो. आम्ही तपासताना हा प्रश्न स्वतःहून विचारतो, इतकं हे नेहमीचं आहे. पुढच्या वेळी डॉक्टरांना याच शब्दांत सांगा.

कुंथणं मात्र थांबवायला हवं. रोज सकाळी कुंथणारी बाई जिममध्ये कितीही जपली तरी व्यर्थ. कमोड असेल तर पायाखाली पाट किंवा छोटं स्टूल घ्या, गुडघे कमरेच्या वर येतील, पुढे झुका, तोंडाने श्वास सोडा. पाणी, पालेभाजी, लागलं तर इसबगोल. पाच-सात मिनिटांत झालं नाही तर उठा, मोबाईल बाहेर ठेवून जा.

मुकुंदराव

म्हणजे आम्ही कमोड बसवायला पस्तीस हजार खर्च केले, आणि आता त्याच्यापुढे पाट.

नौपाड्याची_नणंद

चौरंग ठेवा काका, रांगोळी मी काढते.

बाकी माझ्या व्हॉट्सॲपवर एक आलंय. तुरटीची पुरचुंडी आत ठेवायची, सात दिवसांत सगळं आवळून येतं. खरं का?

निवृत्त_सिस्टर

नाही! नाही! नाही! तुरटीने आतली त्वचा भाजलेल्या बायका मी पाहिल्यात. आवळल्यासारखं वाटतं कारण ती कोरडी पडून सुरकुतते. पुढे जखमा. तो निरोप पुढे पाठवू नका.

व्यवस्थापक

सिस्टरांशी सहमत. घरगुती पुरचुंड्या, लेप, धुऱ्या यांचे प्रतिसाद उडवले जातील. धागा चांगला चाललाय, तसाच चालू द्या.

ऐरोलीची_आई

फिजिओताई, बाळंतपणानंतर सासूबाईंनी पोटपट्टा घट्ट बांधायला लावला होता, पोट आत जावं म्हणून. सव्वा महिना. त्याने झालं असेल का? त्यांना विचारायची हिंमत नाही आणि दोषही द्यायचा नाही, फक्त कळायला हवंय.

फिजिओ_नेरुळ

पट्ट्याने झालं असं म्हणता येणार नाही, बाळंतपण हेच मोठं कारण. पण मधे करकचून आवळलं की आतला माल खालीच सरकणार, टूथपेस्टची नळी मध्यावर दाबल्यासारखा. बांधायचाच असेल तर खालून वर आणि सैलसर. सासूबाईंनी मायेनेच केलं असणार. त्यांनाही कुणी सांगितलं नव्हतं.

आणि तुझ्या वयात, बाळ अंगावर पीत असताना, इस्ट्रोजेन कमी असतं. दूध तुटल्यावर बऱ्याच जणींना बरंच बरं वाटतं. घाईने काही ठरवू नकोस.

योगिनी_कोपरी

परत आले, राग गेला. एक गोष्ट प्रामाणिकपणे विचारते. माझ्या वर्गात सगळ्या चाळिशी-पन्नाशीच्या. कपालभाती, नौकासन, दोन्ही पाय एकदम उचलायचं उत्तानपादासन मी सर्रास घेते. यात कुणाला हा त्रास असेल तर मला कळणार कसं? त्या सांगणार नाहीत.

फिजिओ_नेरुळ

हा प्रश्न विचारल्याबद्दल मनापासून आभार. सगळ्यांसमोर विचारू नका. पहिल्याच दिवशी सांगून टाका की, "ज्यांना खाली जड वाटतं, खोकताना लघवी येते, त्यांनी मला न सांगताही हे बदल करावेत." मग दोन्ही पायांऐवजी एकच पाय, दुसरा गुडघ्यात वाकवून जमिनीवर. नौकासन आणि लांबलचक फळकासन (प्लँक) सुरुवातीला नको. कपालभातीचे झटके नको, त्याऐवजी दीर्घ श्वास. सेतुबंधासन छान, उचलताना श्वास सोडून. मलासनात वजन घेऊन बसणं नको. उड्या नंतर.

योगिनी_कोपरी

लिहून घेतलं.

खवट_खारघरकर

कोपरी-नेरुळ तह झाला, तलावपाळीवर भेळ वाटा.

पण अहो, मूळ प्रश्न राहिला. उमाताईंनी सूर्यनमस्कार आणि कळसूबाई विचारलं होतं. आपण कमोड, तुरटी, खड्डे असं फिरून आलो, त्या मात्र गायब.

उपवनची_उमा

गायब नाही हो, रोज वाचतेय. फिजिओताईंचे प्रतिसाद नवऱ्याला मोठ्याने वाचून दाखवले. तो "बुंदी" ऐकून हसला, मग गप्प झाला आणि उठून सिलिंडर लावला. मॅच चालू असताना.

आरशाचा प्रयोग केला. मी ढकलत होते! तीन आठवडे रोज तीनदा उलटंच चाललं होतं. आता ठाण्यातच एक फिजिओ शोधली आहे, पुढच्या मंगळवारी जाणार.

फिजिओ_नेरुळ

उमाताई, मग तुमच्या प्रश्नाकडे येते. चालणं आजपासून चालू ठेवा, फक्त सकाळी. संध्याकाळपर्यंत सगळं थकून खाली आलेलं असतं. झुंबा सध्या उड्या वगळून, एक पाय जमिनीवर ठेवून. सूर्यनमस्कारांचं नाव टाकायची गरज नाही. तुमची चूक आकड्यात कमी आणि "दात-ओठ खाऊन" या शब्दांत जास्त आहे, ऐंशीनंतर तुम्ही श्वास कोंडला. चारपासून सुरू करा, सावकाश, मागे पाय उडी मारून न टाकता एकेक.

मोजमाप तुमचं शरीर देईल. व्यायाम करताना, त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी उठल्यावर, असं तीनदा बघा. रात्री थोडं जड आणि सकाळी गेलेलं, चालेल. सकाळीही जड असेल तर आदल्या दिवशी जास्त झालं, निम्म्यावर या. दुपारी पंधरा मिनिटं ढुंगणाखाली उशी घेऊन पडा.

कळसूबाईचं मी आत्ता सांगणार नाही. ऑक्टोबरमध्ये विचारा.

कचराळीकर

१६४६ मीटर आहे. लोखंडी शिड्या चढताना फूं करत जा. उतरताना मात्र जपून, धपाधप पाय टाकू नका. पाठपिशवी नवऱ्याकडे.

खवट_खारघरकर

नवऱ्याला न्यायचं असेल तर मैत्रिणींना विचारून घ्या.

उपवनची_उमा

(जवळपास चार महिन्यांनी धागा वर काढतेय.)

पाऊस सुरू झालाय, उपवनच्या कठड्यावर छत्री उलटी झाल्यावर मोबाईलवर लिहितेय, चुका असतील.

फिजिओने पहिल्याच दिवशी हातमोजा घालून आतून तपासलं आणि ताकद पाचपैकी एक सांगितली. मी म्हटलं, शाळेत गणितातसुद्धा इतके कमी मिळाले नव्हते. काल परत तपासलं, तीन. डॉक्टरांनीही बघितलं, ग्रेड तोच आहे. ऐकून जरा खट्टू झाले. पण लिची आता हाताला फक्त खूप उभं राहिलं की लागते, सकाळी कधीच नाही. गणपतीआधीची साफसफाई आहे तेव्हा कळेलच.

मधे एकदा भोवलं. लग्नाच्या हॉलमध्ये चार तास उभी, साडी कमरेला करकचून, वर पंगतीत वाढायला घेतलं, वरणाची बादली. श्वास-बिस काही आठवला नाही. दोन दिवस झोपून काढले. मग परत चारवर आले.

आज सूर्यनमस्कार अठरा. नवरा शेजारी उभा राहून मोजत होता, पंधरा झाल्यावर म्हणाला, "बास, तुझं तोंड आवळलंय." मी म्हटलं, तोंड नको, ते सैल हवं. मग पुढचे तीन तोंड उघडं ठेवून घातले.

मुकुंदराव

आमच्या मंडळींनी विचारलंय, कळसूबाईला बाक आहेत का?

कचराळीकर

वाटेत लिंबू-सरबतवाले असतात काका. त्यांच्याकडे टेकायला मिळेल.

ऐरोलीची_आई

माझं बाळ आता तेरा महिन्यांचं, दूध सुटलं, संध्याकाळचं ते अडकल्यासारखं खूपच कमी झालंय. कडेवर घेताना फूं करते. आता बाळही मला बघून फूं करतं.